चाळीच्या दाराची फळी: आधी लेसर की आधी राऊटर?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना आजोबांच्या दाराची एक फळी मी मागून घेतली. जुनं बर्मा टीक (ब्रह्मदेशी सागवान) आहे. आई आता मुलुंडला राहते, तिच्या दारावर या फळीची पाटी लावायची आहे. वर ‘खोली नं. २७’ ही अक्षरं कोरलेली आणि खाली आमच्या गॅलरीचं चित्र लेसरने. चित्र बहिणीने काढलंय. कठड्याच्या पट्ट्या, वाळत घातलेली साडी, कोपऱ्यातलं पिंप, सगळं आहे त्यात.

मशीन साधं ३०१८ (टेबलावरचं छोटं, संगणकाच्या आज्ञेने कोरणारं सीएनसी यंत्र), जीआरबीएल या नियंत्रण-प्रणालीवर चालणारं. स्पिंडल, म्हणजे बिट (कोरायचं पातं) फिरवणारी मोटर किंवा राऊटर, काढून त्याच जागी ५.५ वॉटचा डायोड लेसर बसवतो. पाइनच्या तुकड्यावर करून पाहिलं तर आधी चित्र जाळलं, मग अक्षरं कोरली, आणि कडांचे तंतू काढायला काचपेपर फिरवला तशी साडीच पुसली गेली. चित्र अक्षरांपासून दोनेक मिलिमीटर सरकलं. मध्येच पॉज केलं तिथे काळं भोक पडलं. आणि अक्षरांच्या वेळी स्पिंडल पूर्ण वेगात यायच्या आत बिट लाकडात घुसला.

पाइन पुन्हा आणता येईल, ही फळी नाही. म्हणून हात लावण्याआधी विचारतोय.

भांडुपचा_गाळा
फळीला अजून हात लावला नाहीस हे फार बरं केलंस.

क्रम उलटा कर. रंधा, काचपेपर, मग राऊटर, पुन्हा हलका काचपेपर, आणि लेसर सगळ्यात शेवटी. डायोडने काढलेली बारीक रेघ पृष्ठभागावरच असते, तिच्यावर काचपेपर फिरला की ती गेलीच. कोरलेली अक्षरं मात्र काचपेपरने उलट स्वच्छ होतात.

भोक आणि घुसलेला बिट, दोन्हींचं मूळ सेटिंगमध्ये आहे. लेसरसाठी $३२=१ (लेसर मोड चालू) ठेव आणि फाइलमध्ये किरण सुरू करायला एम३ऐवजी एम४ ही आज्ञा वापर. एम४मध्ये मशीन थांबलं की किरण बंद होतो, एम३मध्ये जळतच राहतो. राऊटर लावताना मात्र आठवणीने $३२=० कर. लेसर मोड चालू राहिला तर मशीन स्पिंडलसाठी थांबत नाही, सरळ चालू पडतं. शिवाय कोरण्याच्या फाइलमध्ये सुरुवातीला तीन-चार सेकंदांचा थांबा टाक.

आता सरकण्याबद्दल. स्पिंडल काढून लेसर लावलास की दोघांचा मध्य एकाच जागी येईल असं धरूच नकोस. टाकाऊ लाकडावर व्ही-बिटने (टोकदार बिटने) एक टिंब कर. एक्स आणि वायला (मशीनच्या आडव्या-उभ्या जागेला) धक्का न लावता लेसर बसव, अगदी कमी पॉवरवर ठिपका पाड आणि तो टिंबावर नेईपर्यंत किती सरकवावं लागलं ते लिहून ठेव. मशीनमध्ये आरंभबिंदू साठवायच्या वेगवेगळ्या जागा असतात: स्पिंडलचा शून्य जी५४मध्ये, लेसरचा जी५५मध्ये. मात्र होमिंग स्विच (मशीनला मूळ जागा ओळखू देणारे) नसतील तर मशीन बंद-चालू केल्यावर हे आकडे निरर्थक होतात, म्हणून दोन्ही कामं एकाच बैठकीत उरक. मधे क्लॅम्प सोडायचा नाही. पावसाळ्यात तर फळी रात्रभर ठेवूच नकोस. ताजी रंधलेली बाजू हवेतला ओलावा घेते आणि फळी वाकते.

बिटच्या टोकाचा कोन किती आहे? ६०° असेल तर ६ मिमी रुंद रेघेला टोक ५.२ मिमी आत जातं. ९०° घेतलास तर ३ मिमीत काम होतं. ३०१८ला सागवान जड जातं, मी ९०° घेईन आणि दर फेरीला ०.३ मिमीच उतरवेन.

रेरोडची_फळी
वरचं सगळं पटलं, पण त्याआधी दोन गोष्टी. जुन्या दारात बिजागरीचे तुटलेले स्क्रू आणि डोकं उडालेल्या चुका (बारीक खिळे) हमखास असतात. चांगलं लोहचुंबक इंचाइंचावर फिरव. चौकटीच्या लाकडात माझे दोन बिट असेच गेले आहेत.

दुसरं, दारावर ऑइल पेंटचे थर असतील तर त्यावर लेसर अजिबात मारू नकोस. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. मास्क लावून, पाणी मारून, ओलाच खरवडून काढ. तो चुरा केराबरोबर उडू देऊ नकोस. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच.

निळा_किरण
मी तर उलट करतो. अक्षरांची बाह्यरेघ आधी लेसरने मारतो, मग कोरतो. कडेची शीर कापली गेल्यामुळे तुकडे उडत नाहीत.

भांडुपचा_गाळा
प्लायवर मीही तसं करतो. पण इथे एकच हत्यार बसतं, म्हणजे दोनदा अदलाबदल आणि चूक व्हायला दोन जागा. सागवानाला धारदार बिट पुरतो.

सागवानाची एक खोड मात्र आहे. वर्षवलयातला मऊ पट्टा जास्त जळतो, कडक पट्टा कमी, म्हणून सपाट छटा पट्टेरी येते. रेघांचं चित्र आहे हे उत्तम. बहिणीला सांग, साडी भरून काढू नको, नुसत्या चुण्या दाखव. त्याच फळीच्या मागच्या बाजूला १००० मिमी प्रति मिनिट वेगाने ३०, ४५, ६० टक्के पॉवरच्या अशा तीन रेघा मारून बघ. कोरलेल्या अक्षरांवर कागदी मास्किंग टेप लाव, धुराचा डाग खाचेत बसला की निघत नाही. चष्मा ४५० नॅनोमीटरसाठीचाच हवा, साधा काळा गॉगल चालणार नाही. आणि लेसर लावण्याआधी भुसा पूर्ण काढ. कोपऱ्यात धुमसणारी ठिणगी अर्ध्या तासानेही पेट घेऊ शकते.

तिसरा_मजला
लोहचुंबकाने चार चुका सापडल्या. एक बरोबर ‘ख’च्या जागी होती, म्हणून अक्षरं १२ मिमी खाली घेतली. रंगाचे पाच थर निघाले, सगळ्यात खालचा फिकट हिरवा. तो आईला ओळखता आला, तिच्या लग्नाच्या वर्षी लावला होता म्हणे. त्या रंगाचा, रंधा न फिरवलेला एक बोटभर तुकडा डाव्या कडेला तसाच ठेवायचं ठरलंय, त्याच्यापासून लेसर लांब. मागच्या बाजूला ४५ टक्क्यांची रेघ छान आली. बहिणीने चुण्या काढून पाठवल्या आहेत. रविवारी सकाळी एका बैठकीत करतो आणि फोटो टाकतो.