निसर्गाश्चर्ये आणि प्राचीन स्थळे पाहायला जाण्याची वेळ कशी ठरवावी?

वाटसरू :
जाणकारांना नमस्कार. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर झांबेझी नदीवर असलेला व्हिक्टोरिया धबधबा पाहण्याची अनेक वर्षांची इच्छा गेल्या एप्रिलमध्ये पूर्ण झाली. म्हणजे निदान मी तिथवर पोहोचलो, कारण कड्यासमोरच्या पायवाटेवर उभा राहिल्यावर धबधबा म्हणावा असे काही मला दिसलेच नाही. समोर तुषारांची पांढरी भिंत होती, कानठळ्या बसवणारा आवाज होता, रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी कोपरापर्यंत उतरत होते आणि चष्मा तर मी पाचव्या मिनिटालाच काढून खिशात टाकला. अनुभव थरारक होता हे मान्य. पण सुमारे १,७०० मीटर रुंदीचा प्रपात डोळे भरून पाहायचा राहूनच गेला. पुढच्या वर्षी जॉर्डनमधले डोंगरात कोरलेले प्राचीन शहर पेट्रा किंवा कंबोडियातला मंदिरसमूह अंगकोर यांपैकी एका ठिकाणी जाण्याचा विचार आहे. तिथे पुन्हा अशी फजिती होऊ नये म्हणून कोणत्या वेळी जावे आणि काय आवर्जून पाहावे, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. ‘सात दिवसांत दहा ठिकाणे’ छापाच्या याद्या मात्र नकोत.

कातळ :
या धबधब्याचे स्थानिक नाव ‘मोसी-ओआ-तुन्या’ असे आहे. त्याचा अर्थ गर्जणारा धूर, आणि तो आपण पुरेपूर पाहिलात. पाऊस ओसरला की सारे स्वच्छ दिसेल, असा हिशेब पुष्कळ जण करतात. परंतु वरच्या खोऱ्यात पडलेले पाणी सपाट पूरमैदानांतून रेंगाळत खाली येते, त्यामुळे धबधब्याला सर्वाधिक पाणी असते ते नेमके एप्रिलच्या सुमारास. मी उलट टोक गाठले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस झांबियाच्या बाजूने पाहताना बराचसा कडा कोरडा होता आणि सहप्रवासी हिरमुसले होते, पण मला स्वतःला ते दृश्य अधिक मोलाचे वाटले, कारण बसॉल्टच्या उघड्या खडकातल्या उभ्या भेगा स्पष्ट दिसत होत्या. नदी याच कमकुवत भेगा कोरत मागे मागे सरकत आली आहे आणि खालच्या बाजूच्या नागमोडी घळी या धबधब्याच्या पूर्वीच्या जागा आहेत. पाणी आणि कडा दोन्ही पाहायचे असतील, तर जून ते ऑगस्ट हा काळ बरा.

दूरदेशी :
पेट्राबद्दल लिहितो. तिथे ऋतूइतकेच महत्त्व दिवसाच्या प्रहराला आहे. सुमारे १.२ किलोमीटर लांबीच्या ‘सिक’ या अरुंद घळीतून चालत गेल्यावर, दोन कड्यांच्या फटीतून ‘खजिना’ नावाची, जवळजवळ ४० मीटर उंचीची कोरीव दर्शनी भिंत समोर येते. तिच्यावर ऊन पडते ते सकाळी. उलट डोंगरावरचा ‘मठ’ दुपारनंतर उजळतो. त्यामुळे सकाळी खजिना पाहून उतरत्या उन्हात मठाच्या सुमारे ८०० पायऱ्या चढणे हा क्रम उत्तम.

मात्र सिकमधून घाईने जाऊ नये. बहुतेक लोक समोरच्या फटीकडे डोळे लावून चालतात आणि भिंतींत कोरलेले पाट त्यांच्या नजरेतून सुटतात. त्या वैराण डोंगरांत नबातियन या प्राचीन अरब लोकांनी शहर वसवले ते या पाण्याच्या जोरावर. मी एका पाटात हात घालून पाहिला. तळ एकसारखा घासलेला होता आणि उतार इतका बेताचा, की डोळ्यांना जाणवू नये. खजिन्याच्या माथ्यावरचा दगडी कलशही दुर्बिणीतून अवश्य पाहावा. आत धन दडले आहे या समजुतीने त्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, प्रत्यक्षात तो कलश भरीव आहे!

मेघवाट :
अंगकोर वाटचा सूर्योदय प्रसिद्ध आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने विष्णूसाठी बांधलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे पहाटे शिखरांची केवळ काळी आकृती दिसते आणि दर्शनी कोरीवकाम अंधारातच राहते. तळ्याकाठी छायाचित्रासाठी रेटारेटी चालते. मीही त्या गर्दीत होतो, त्यामुळे इतरांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मात्र सूर्य वर आल्यावर गर्दी न्याहारीसाठी पांगली, तेव्हा मी पूर्वेकडच्या ओवरीत गेलो आणि तो तास माझ्या साऱ्या प्रवासातला सर्वोत्तम ठरला.

खांबांमधून तिरपे येणारे ऊन तिथे समुद्रमंथनाच्या सुमारे ४९ मीटर लांबीच्या शिल्पपटावर पडते. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, आणि सर्वांच्या हातांत वासुकीचे एकच अखंड शरीर. कथा आपल्याला पाठ असल्यामुळे माहितीफलकाची गरजच भासत नाही. दर्शनी बाजू पाहण्यासाठी दुपार टळल्यावर पुन्हा यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि गर्दीही तेव्हाच असते. भिजण्याची तयारी असेल तर पावसाळ्यात अंगकोरमधल्याच ता प्रोम या मंदिराच्या भिंतींना कवटाळणारी झाडांची मुळे जास्त देखणी दिसतात.

वाटसरू :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ते पाट वाचल्यापासून पेट्राचेच मनात घोळते आहे. मार्चच्या सुरुवातीला जावे म्हणतो.

दूरदेशी :
हवा सुखद असेल, परंतु पावसाचा अंदाज रोज सकाळी पाहावा. पाऊस दूरच्या डोंगरात पडला तरी पाण्याचा लोंढा अरुंद दऱ्यांतून अचानक येतो. म्हणूनच नबातियनांनी सिकच्या तोंडाशी बांध घालून पाणी बोगद्यातून दुसरीकडे वळवले होते. १९६३ साली सिकमध्ये अशाच पुरात पर्यटकांचे प्राण गेले होते. रक्षकांनी प्रवेश थांबवला, तर वर निरभ्र आकाश दिसत असले तरी मुकाट्याने मागे फिरावे, आणि त्यासाठी एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा.