राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष कसं मोजतात

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांबद्दल "सिनेमा विसरल्यावर पुरस्कार देतात, मग त्याला किंमत काय?" असं एकानं विचारलंय. उशीर होतो हे मान्यच. 'नाळ भाग २' नोव्हेंबर 2023 मध्ये लागला आणि त्यातल्या पोरांच्या हातात पदकं पडली सप्टेंबर 2025 मध्ये. पण "किंमत काय" हे मला अजिबात पटत नाही. त्या 71व्या पुरस्कारांत पाच बालकलाकारांपैकी चार मराठी सिनेमांतले होते. त्यातल्याच 'नाळ भाग २'मधल्या छोट्या त्रिशा ठोसरला पदक घेताना पाहून आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर उभे राहिले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या पुरस्कारांसाठी वर्ष धरतात ते सेन्सॉर प्रमाणपत्राचं, थिएटरात लागल्याचं नाही. त्यामुळं उलटंही घडतं. आपल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूचा 'सैराट'साठी विशेष उल्लेख मार्च 2016 मध्ये जाहीर झाला, आणि सिनेमा लागला 29 एप्रिलला! म्हणजे परीक्षकांनी निवडलं तेव्हा ना झिंगाट गाजलं होतं, ना गल्ल्याचे आकडे आले होते. नुसतं काम बघून दिलेली पावती होती ती, म्हणून मला ती फार मोठी वाटते.

खरी अडचण वेगळीच आहे. पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा सोलापुरात आला तर आला, तोही दुपारी एकच खेळ, आठवड्यात गायब. कारखान्यात पाळी करणाऱ्यानं तो बघायचा कधी? निकाल लागला की त्या आठवड्यात तरी संध्याकाळचा एक खेळ परत लावा, एवढं थिएटरवाल्यांकडं मागायला हवं.