संत्र्याचा बगीचा तिसऱ्या वर्षात, घरात पैसा नाही. ठेवू की उपटू?

मोटारवाला_वरुड

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातला आहे, गावाचं नाव नको. बाबांनी दोन एकरात 20 बाय 20 फुटांवर संत्रा लावला, सव्वादोनशेच्या आसपास कलमा, शेंदुरजना घाटच्या पन्हेरीतल्या (रोपवाटिकेतल्या). लावल्यावर दुसऱ्याच वर्षी बाबांना लकवा मारला. बोलतात व्यवस्थित, पण उजवी बाजू गेली, वावरात येणं बंद. दवाखान्याने होतं नव्हतं ते गेलं. गेल्या खरिपात सोयाबीन सोंगायच्या तोंडावर पाऊस लागला, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. सोसायटीचं पीककर्ज उभं आहे.

मी मोटार वाइंडिंगची कामं करतो, त्यावर किराणा भागतो. सकाळी बगीच्यात चक्कर मारतो, पण खरं सांगतो, काल होतं तेच आज दिसतं. चुलतभाऊ म्हणतो उपट आणि कपाशी लाव, निदान दिवाळीला पैसा दिसेल. यंदा काही झाडांना फुलं आलीत. फळ धरलं तर चार पैसे होतील का? आणि ज्यांनी हा मधला काळ काढला त्यांनी मन कसं लावलं?

धुऱ्यावरचा_माणूस

भाऊ, चुलतभावाचं ऐक. वरुड-मोर्शी डार्क झोनमध्ये आहे, म्हणजे जमिनीतलं पाणी मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं, बोअर दरवर्षी खोल चालले. पाणीच नसेल तर धीर धरून काय होणार? आमच्या शिवारात दहा-बारा वर्षांची झाडं उन्हाळ्यात उभी वाळली.

मोर्शीकर_आबा

पोरा, मी वाळलेला बगीचा उपटून त्याचं जळतन केलं हाय अन् त्याच वावरात पुन्हा संत्रा लावला हाय, म्हणून दोन शब्द.

वरच्या भाऊचं म्हणणं खरं हाय. मे महिन्यात विहिरीले ड्रिपपुरतं पाणी राहत असन तर ठेव. नसन, तर आजच उपट, बाकीचं वाचूही नको.

आता फुलाचं. खुडून टाक. पाचव्या वर्षाच्या आधी फळ धरू नये. कोवळ्या झाडानं फळ धरलं की अंगाची वाढ बसते, अन् त्या टोपलीभर मालाचे व्यापारी देऊन देऊन काय देते? आंबिया बहार धरला तर फूल जानेवारी-फेब्रुवारीत, तोडा ऑक्टोबरच्या पुढे. म्हणजे पाचवं लागलं अन् पैसा आला असं होत नाही बाप्पा. घरचा हिशोब सहाव्या वर्षाचा मांड. आताच मांड, म्हणजे मधात कोणी हसलं तरी चालते.

मन लागत नाही म्हणतो. काहून लागन? मोठं झाड एका रात्रीत बदलत नाही. तू चक्कर मारणं बंद कर. चक्कर मारणारा माणूस झाडाले वरून पायते. सकाळी दोन ओळी घे, फक्त दोन, अन् प्रत्येक बुडापाशी उकिडवा बस. कलमाचा डोळा जिथं बांधला हाय त्याच्या खालून फूट आली का पाय. ते जंभेरीची राहते, ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधते त्याची. काटे लांब, पान चुरगाळलं तर लिंबाचा वास. ते कवळी असतानाच अंगठ्यानं मोडते. महिनाभर सोडली तर कात्री लागते, वर्षभर सोडली तर तुह्या वावरात संत्रा नाही, जंभेरीचं झाड उभं राहते. वरचे पानसोट (फळ न देणाऱ्या सरळ जोमदार फुटी), वाळल्या काड्या, त्याच हातानं काढ. बुडाले पाणी लागू देऊ नको, दुहेरी आळं कर, पाणी बाहेरच्या आळ्यात, आतलं कोरडं, खोड कोरडं राहिलं पाहिजे. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, तिथूनच येते. डिंक दिसला तर धारदार चाकूनं खरडून बोर्डो पेस्ट लाव.

पेस्ट विकतची आणू नको, घरीच होते. मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजव, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडात नको. मंग एकत्र करून त्यात विळ्याचं पातं बुडव. पात्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी पडला, आणखी टाक. पावसाळ्याच्या आधी अन् नंतर, खोडाले कंबरेइतकं. दोन दिवस नखं निळी राहतात, बायको ओरडते.

एवढं केलं की ओळी फिरून फिरून पुन्हा पहिल्या ओळीवर येतो. तेव्हा फरक दिसते. रोज पायणाऱ्याले दिसत नाही.

हरभऱ्याची_वहिनी

दादा, आबांनी झाडाचं सांगितलं, मी चुलीचं सांगते. धीर धरा म्हणणाऱ्यांचा मला आधी फार राग यायचा. डब्यात तेल नसताना कसला धीर? सासऱ्यांच्या कॅन्सरच्या उपचारात आमचं नागपूरला जाणं-येणं चाललं तेव्हा आमचा बगीचा तुमच्याएवढाच होता.

ओळींच्या मधली जागा रिकामी ठेवू नका. खरिपात मूग, उडीद किंवा सोयाबीन, रब्बीत हरभरा, फक्त आळ्यापासून दूर. त्याचं कुटार (भुसा) उन्हाळ्यात बुडाभोवती टाकलं की ओल टिकते. दोन शेळ्या घ्या. शेळी अडीअडचणीला विकता येते, झाड विकता येत नाही. (पण बांधून ठेवा हो, कोवळी कलमं शेळीला फार आवडतात.)

कर्जाचं घाबरून बसू नका. पीककर्ज 3 लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही. मुदत हुकली की सवलत गेली. म्हणून आम्ही आधी सोसायटी, मग कृषी केंद्राची उधारी, शेवटी नातेवाईक, असा नंबर लावला होता. नातेवाईक रुसले. रुसू दिले. बाबांनी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून झाडं लावली असतील तर कृषी सहायकांना भेटा. अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं, आणि पुढचा हप्ता झाडं जगलेली दाखवल्यावरच. उपटायच्या आधी एवढं नक्की विचारा.

आणि एक. बाबा बोलतात म्हणालात ना? मग संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून कोणत्या ओळीत काय दिसलं ते सांगत जा. त्यांनी खड्डे स्वतः खोदले असतील, त्यांना जागान् जागा माहीत असणार. आमचे सासरे खाटेवरून सांगायचे, विहिरीकडच्या कोपऱ्यात पाणी थांबते, चर काढा. तो कोपरा खरंच चिबडलेला निघाला.

मोटारवाला_वरुड

आबा, वहिनी, मनापासून आभार. विहिरीचं पाणी मे संपेपर्यंत ड्रिपला पुरतं, थोडं थोडं का होईना. लागवड योजनेतलीच आहे, बाबांना विचारलं. तिसरा हप्ता राहिलाय, कागद त्यांच्या पेटीत सापडले. फुलं आजपासून खुडायला घेतो. चुलतभावाला काय सांगायचं ते बघतो.

एक विचारायचं राहिलं. डझनभर झाडं मेली आहेत. तिथे आता नवी लावली तर ती तीन वर्षं मागे राहणार. नांग्या भरू की तशाच सोडू?

मोर्शीकर_आबा

भर. मागं राहतीन, राहू दे. पण घाई करू नको, मेलेलं झाड मुळ्यांसकट काढ अन् खड्डा उन्हाळाभर उघडा तापू दे. पावसाळा लागला की शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीले दाबणारी चांगली बुरशी) मिसळून भर, मंग लाव. पन्हेरीत जाशील तेव्हा उंच रोपाले भुलू नको. डोळा जमिनीपासून वीतभर वर बांधलेला हाय का ते पाय, अन् लावताना तो मातीत गाडू नको.