गृहकर्जात जादा भरणा चालू ठेवावा की रोकड हाताशी ठेवावी? (एप्रिल 2020)

हिशेबवही | 14 एप्रिल 2020

नमस्कार. करोनाच्या साथीमुळे ओढवलेल्या सध्याच्या परिस्थितीत गृहकर्जाच्या जादा भरण्याचे काय करावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. इथले सभासद अनेक देशांत राहतात आणि प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. म्हणून मी चलन न सांगता शिल्लक मुद्दलाच्या प्रत्येक 1 लाखामागचे आकडे देतो, म्हणजे ज्याला त्याला ते आपल्या कर्जाला लावून पाहता येतील.

कर्जाची 20 वर्षे शिल्लक आहेत. व्याजदर तरता (वेळोवेळी बदलणारा) असून तो आज 8 टक्के आहे, आणि लाखामागे मासिक हप्ता साधारण 836 बसतो. खातेउतारा पाहिला तर या 836 पैकी 667 व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 170 ने उतरते. हे चित्र पाहूनच आम्ही उभयतांनी काही वर्षांपूर्वी हप्त्याखेरीज दरमहा थोडी रक्कम थेट मुद्दलात भरायला सुरुवात केली. याच महिन्यात आमची एक मुदत ठेव पिकते आहे. शिल्लक कर्जाच्या 5 टक्के भरतील एवढी ती रक्कम आहे, आणि तीही कर्जात टाकायची असे जानेवारीतच ठरले होते.

दरम्यान सगळेच बदलले. पत्नीच्या कंपनीने मार्चपासून वेतनात कपात केली आहे. माझी नोकरी आज शाबूत असली तरी माझा करार ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणासाठी येतो, आणि त्या वेळी काय होईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. ठेव वगळता हाताशी असलेली रोकड, हप्ता धरून, सुमारे दोन महिन्यांच्या घरखर्चाला पुरेल एवढीच आहे. अशा स्थितीत ठेवीची रक्कम ठरल्याप्रमाणे कर्जात भरावी का? शिवाय हप्ते पुढे ढकलण्याची जी सवलत जाहीर झाली आहे, ती हप्ता भरण्याची ऐपत असतानाही केवळ रोकड साठवण्यासाठी घेणे शहाणपणाचे ठरेल का?

जुना खातेदार | 14 एप्रिल 2020

माझी बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याबाबत सध्या सर्वांत जास्त गैरसमज दिसतो. हप्ता पुढे ढकलणे म्हणजे हप्ता माफ होणे नव्हे. भारतीय रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला बँकांना 1 मार्च ते 31 मे या काळातले हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, परंतु शिल्लक कर्जावर या काळात व्याज आकारले जाईल हे त्याच निवेदनात स्पष्ट लिहिले आहे. ब्रिटनमध्ये 17 मार्चला जाहीर झालेली तीन महिन्यांची सवलत याच प्रकारची आहे. योगायोगाने 27 मार्चलाच अमेरिकेत जो कायदा झाला, त्यानुसार संघराज्य सरकारचा आधार असलेल्या गृहकर्जांवर 180 दिवसांपर्यंत हप्ते थांबवता येतात आणि मागणी केल्यास आणखी 180 दिवस मिळतात. मात्र ज्या कर्जांना तो आधार नाही, त्यांना हा कायदा लागू नाही. नावे व मुदती वेगळ्या असल्या तरी या तिन्ही ठिकाणी व्याजाचे मीटर बंद झालेले नाही.

आता तुमचाच आकडा घेऊ. तीन महिने हप्ता न भरल्यास लाखाचे सुमारे 1,02,013 होतात. त्यानंतर पूर्वीचाच 836 चा हप्ता सुरू ठेवला, तर कर्ज फिटायला 240 ऐवजी 252 हून थोडे अधिक हप्ते लागतात. म्हणजे आज तीन हप्त्यांची उसंत मिळते आणि शेवटी बारा हप्ते जास्तीचे भरावे लागतात. हेच कर्ज संपायला पाचच वर्षे उरली असती, तर जास्तीचा भार केवळ दीड हप्त्याचा पडला असता, कारण कर्जाच्या उत्तरार्धात हप्त्यातला व्याजाचा वाटा लहान असतो. मुदत जेवढी लांब, तेवढी ही सवलत महाग पडते, आणि तुमची मुदत लांब आहे. ज्याचे उत्पन्नच थांबले आहे त्याने ती निःसंकोच घ्यावी, ती त्याच्यासाठीच आहे. ज्याच्या खात्यात हप्त्याचे पैसे आहेत, त्याने ती घेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

एक व्यावहारिक गोष्टही सांगतो. काही बँका अर्ज केल्यावरच सवलत देतात, तर काहींनी ती सर्वांना लागू करून नको असलेल्यांकडून तसे कळवण्याची अपेक्षा ठेवली आहे. त्यामुळे आपण कोणत्या गटात मोडतो हे आजच लेखी विचारून घ्या.

चक्रवाढ | 15 एप्रिल 2020

ठेवीच्या प्रश्नावर माझे मत सरळ आहे: रक्कम कर्जात भरून टाका. तुमच्या आकड्यांनुसार लाखामागे 5,000 एकदम भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर 240 ऐवजी 213 हप्त्यांत कर्ज फिटते, म्हणजे 27 हप्ते वाचतात. 8 टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे 8 टक्क्यांचा हमखास परतावा मिळवणे होय. फेब्रुवारीपासून शेअर बाजाराचे जे झाले आणि ठेवींचे दर जसे घसरत आहेत, ते पाहता एवढा निर्धोक परतावा आज दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. लोक भीतीपोटी 3 टक्क्यांच्या बचत खात्यात पैसे पडू देतात आणि दुसऱ्या हाताने 8 टक्के मोजत राहतात, हे मला कधीच समजलेले नाही.

गृहलेखा | 16 एप्रिल 2020

चक्रवाढ यांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यांनी परतावा मोजला आणि थांबण्याची किंमत मोजली नाही. ती मोजली की निर्णय बराच सोपा होतो. समजा, लाखामागचे हे 5,000 आणखी सहा महिने, म्हणजे हिशेबवही यांच्या कराराचा निकाल लागेपर्यंत, 3 टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवले. व्याजदरांतला फरक 5 टक्क्यांचा, तोही अर्ध्या वर्षाचा, म्हणून नुकसान सुमारे 125 चे होते. ही रक्कम एका हप्त्याच्या साधारण 15 टक्के आहे. ऑक्टोबरमध्ये करार नूतन झाल्यावर तीच रक्कम व्याजासह कर्जात भरली, तर 27 ऐवजी 26 हून थोडे अधिक हप्ते वाचतात. एवढ्या स्वस्त हप्त्यात सहा महिन्यांचा विमा कोणतीही कंपनी देणार नाही.

उलट बाजूही पाहावी. पैसे आज कर्जात गेले आणि नोव्हेंबरमध्ये उत्पन्न थांबले, तर बँक त्या जादा भरण्याकडे पाहून पुढचा हप्ता सोडत नाही. मुद्दल कमी झालेले असते, मुदत कमी झालेली असते, परंतु पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला 836 द्यावेच लागतात. मग ते वैयक्तिक कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर उचलून भरावे लागले, तर 8 टक्के वाचवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट व्याज मोजण्याची वेळ येते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने परवाच यंदा जागतिक अर्थव्यवस्था 3 टक्क्यांनी आकसेल असा अंदाज दिला आहे. अशा वर्षात दोघांपैकी एकाचे वेतन कापले गेलेले आणि दुसऱ्याचा करार टांगणीला लागलेला असताना, दोन महिन्यांची गंगाजळी मला फार तोकडी वाटते. निदान सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासह, हाताशी असावा, आणि तो होईपर्यंत दरमहाचा जादा भरणाही त्याच खात्यात वळवावा.

घरखर्चाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगते, कारण गंगाजळी किती हवी हे त्यावरच ठरते. टाळेबंदीत प्रवास, बाहेरचे जेवण, कपडे यांवरचा खर्च जवळपास थांबला आहे, त्यामुळे महिनाअखेरीस शिल्लक दिसते आणि आपण काटकसरी झालो असा समज होतो. प्रत्यक्षात यातला काही खर्च खरोखर वाचलेला असतो आणि काही नुसता लांबलेला असतो. रोजच्या प्रवासाचे पैसे वाचले ते वाचलेच. परंतु दातांचे उपचार, वाहनाची देखभाल, गळके छप्पर हे सारे टाळेबंदी उठल्यावर एकाच महिन्यात दार ठोठावणार आहे. वीज, किराणा आणि इंटरनेट यांचा खर्च तर सगळे घरातच असल्यामुळे वाढलेलाच आहे. मी मार्चपासून वहीत दोन रकाने केले आहेत, एक ‘वाचला’ आणि दुसरा ‘लांबला’. दुसऱ्या रकान्यातली रक्कम कोणत्याही परिस्थितीत कर्जाकडे जाऊ देत नाही. विम्याचे वार्षिक हप्ते व मुलांची फी यांचे बारा भाग करून दरमहा बाजूला काढते, कारण कपात झालेल्या वेतनातून ते एकदम देणे जड जाते.

दक्षिणगोल | 17 एप्रिल 2020

कर्जाच्या करारात एक गोष्ट तपासून पाहावी. मी ऑस्ट्रेलियात राहतो, आणि इथे अनेक गृहकर्जांना जोडलेले ‘ऑफसेट’ खाते मिळते. त्यात ठेवलेली रक्कम आपल्याच ताब्यात राहते, हवी तेव्हा काढता येते, आणि बँक तेवढी रक्कम वजा करून उरलेल्या मुद्दलावरच व्याज आकारते. अशी सोय उपलब्ध असेल, तर वरील दोन्ही मतांमधला वादच मिटतो. भारतातही काही बँकांच्या गृहकर्ज योजनांत ओव्हरड्राफ्टच्या रूपाने साधारण अशीच व्यवस्था असते, मात्र तिचा व्याजदर किंचित जास्त असू शकतो.

याच्याशी ‘रीड्रॉ’ची गल्लत करू नये. त्यात जादा भरलेली रक्कम पुन्हा काढण्याची मुभा असते, परंतु तो पैसा एकदा कर्जात गेलेला असतो, आणि मुभेच्या अटी करारानुसार बँक बदलू शकते. तंगीच्या काळात मी त्यावर विसंबणार नाही.

दंडाचे कलमही वाचावे. भारतात व्यक्तींच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. ब्रिटनमध्ये स्थिर दराच्या करारांत सहसा वर्षाला शिल्लक कर्जाच्या 10 टक्क्यांपर्यंतच जादा भरणा विनाशुल्क करता येतो. आज थांबून नंतर दोन वर्षांचे एकदम भरायचे, असा बेत असेल तर ही मर्यादा आडवी येते.

चक्रवाढ | 17 एप्रिल 2020

गृहलेखा यांचा 125 चा हिशेब मी करून पाहिला, तो बरोबर आहे. करार ऑक्टोबरमध्ये संपतो हे लक्षात घेता ठेव सहा महिने थांबवण्यास माझी हरकत नाही. मात्र एक अट घालावीशी वाटते: थांबण्याची तारीख आजच ठरवा. तारीख न ठरवता राखून ठेवलेली रक्कम दिवाळीपर्यंत नव्या टीव्हीत किंवा मेव्हण्याच्या धंद्यात गेलेली मी पाहिली आहे.

हिशेबवही | 24 मे 2020

सर्वांचे आभार. ठेव पिकल्यावर ती रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवली आहे, आणि 1 नोव्हेंबर ही तारीख आम्ही दोघांनी लिहून ठेवली आहे. दरमहाचा जादा भरणा तूर्त त्याच खात्यात जातो. परवा, 22 मे रोजी, रिझर्व्ह बँकेने भारतातली सवलत 31 ऑगस्टपर्यंत वाढवल्याचे वाचले. माझ्या बँकेकडूनही मुदतवाढीबाबत विचारणा झाली, परंतु नियमित हप्ता भरत राहू असे आम्ही कळवले आहे.

एक नवी शंका आहे. माझा दर या महिन्यात 8 वरून 7.5 टक्क्यांवर आला, परंतु हप्ता तेवढाच कापला गेला. ही चूक समजावी का?

जुना खातेदार | 25 मे 2020

चूक नव्हे. दर उतरल्यावर बहुतेक बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत आपोआप कमी करतात. तुमच्या बाबतीत 836 चा हप्ता कायम राहिला, तर सुमारे 221 हप्त्यांत कर्ज फिटेल. अन्य वेळी मी हेच उत्तम म्हटले असते. परंतु ऑक्टोबरपर्यंत दरमहाचा भार हलका हवा असेल, तर मुदत 240 महिनेच ठेवून हप्ता कमी करण्याची विनंती करता येते. तो लाखामागे साधारण 806 होईल. करार नूतन झाल्यावर हप्ता पुन्हा वाढवून घ्या, पण त्यासाठी शुल्क आहे का हे आधी विचारा.

आणि नोव्हेंबरमध्ये रक्कम भराल, तेव्हा ती ‘मुद्दलात जमा करावी, मुदत कमी करावी’ असे अर्जात स्पष्ट लिहा. नुसते पैसे कर्ज खात्यात वळते केले, तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहतात आणि व्याज पूर्वीइतकेच लागत राहते. महिनाभराने उतारा मागवून ‘शिल्लक मुद्दल’ या रकान्यातला आकडा तेवढ्याने उतरला आहे ना, हे स्वतः पाहा.