टीजीजे म्हणजे बर्ड कोर्स म्हणणाऱ्यांना उत्तर

ब्रॅम्प्टनची_आई
काल इथे गणितप्रेमी यांनी लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कोर्स सिलेक्शन चालू आहे, मुलांना हायस्कूलमध्ये कम्युनिकेशन्स टेक्नॉलॉजी (कोड टीजीजे, म्हणजे व्हिडिओ, साउंड वगैरे) घेऊ देऊ नका, तो बर्ड कोर्स, म्हणजे फुकट मार्कांचा सोपा विषय आहे, युनिव्हर्सिटी तो मोजत नाही, कॅमेरा काय कोणीही चालवतं, आणि ज्यांना फिजिक्स झेपत नाही तीच मुलं तिकडे जातात. खाली भराभर अंगठे पडलेत, तेही अशा लोकांचे ज्यांची मुलं आत्ता ग्रेड १० ला आहेत.

मोजत नाही हे साफ चूक आहे. ग्रेड १२ चा कोर्स टीजीजे४एम, त्यातला एम म्हणजे युनिव्हर्सिटी आणि कॉलेज दोन्हीसाठी चालणारा, यू म्हणजे फक्त युनिव्हर्सिटीसाठी. आपल्या इथे, कॅनडातल्या ऑन्टारियोत, ॲडमिशनचा ॲव्हरेज ग्रेड १२ च्या सहा यू किंवा एम कोर्सेसवर काढतात. वॉटर्लू युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंगच घ्या, ज्याच्यासाठी आपण सगळे जीव टाकतो. तिथे ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंग्लिश हे पाच ठरलेले, सहावा कुठलाही यू किंवा एम. तो सहावा टीजीजे असू शकतो. आणि ४एम घ्यायला आधी ग्रेड ११ चा ३एम झालेला लागतो, म्हणजे आत्ता कोणी तुमचं वाचून फॉर्मवरून खोडलं तर पुढच्या वर्षी इच्छा झाली तरी दार बंद. म्हणून एवढी चिडलेय मी.

दुसरं, कॅमेरा कोणीही चालवतं. बरं. माझ्या मुलीच्या ग्रुपने आमच्या गल्लीतल्या एका ट्रक ड्रायव्हर काकांवर तीन मिनिटांची डॉक्युमेंटरी केली. मुलाखत त्यांच्या किचनमध्ये. पहिल्यांदा केली तेव्हा सगळ्या आवाजामागे फ्रिजची घरघर, फुकट गेलं. परत गेले, फ्रिज बंद केला, आणि नंतर चालू करायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, हे त्यांच्या टीचरने शिकवलेलं. काकांची लेखी परवानगी घ्यावी लागली, ती नसेल तर दाखवताच येत नाही. ग्रुपमधला एक मुलगा शूटिंगला आलाच नाही, त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं आणि त्यावरून भांडणं झाली. मग दोन तासांच्या फूटेजमधून तीन मिनिटं काढायची, म्हणजे स्वतःला आवडलेलं बरंचसं स्वतःच्या हाताने फेकायचं. कुठल्या दुसऱ्या विषयात ही मुलं हे शिकणार आहेत ते मला सांगा. मला तरी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवलं नाही.

गणितप्रेमी
ताई, भावना समजल्या. पण तुम्ही नोकऱ्यांबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये सीबीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रेडिओ-टीव्हीने, ६०० जागा कमी करणार म्हणून जाहीर केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेल या टेलिफोन-टीव्ही कंपनीने ४,८०० लोक काढले आणि ४५ रेडिओ स्टेशन्स विकायला काढली. त्याच्या आधी सप्टेंबरमध्ये मेट्रोलँड या वृत्तपत्र कंपनीची ७० च्या वर साप्ताहिकं छापायची बंद झाली, ६०५ लोक घरी. आणि त्याच फेब्रुवारीत ओपनएआयने सोरा हे एआय दाखवलं, वाक्य लिहा आणि व्हिडिओ घ्या. अशा वेळी मुलाला म्हणायचं की जा बाळा मीडिया शिक? सहावा कोर्स पाहिजे ना, डेटा मॅनेजमेंट घ्या, कॉम्प्युटर सायन्स घ्या.

आणि माझ्या भाच्याच्या शाळेत, नाव घेत नाही, टीजीजेच्या तासाला निम्मा सेमिस्टर सिनेमे बघितले त्यांनी. ९६ मार्क. याला बर्ड कोर्स नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

साउंडवाला_हॅमिल्टन
न्यूजरूम बंद पडल्या म्हणून कॅमेरा आणि साउंडची कामं बंद पडली हे कुठलं लॉजिक. मी कॉलेजच्या एव्ही (ऑडिओ-व्हिडिओ) डिपार्टमेंटला आहे. लेक्चर रेकॉर्डिंग, नर्सिंगच्या मुलांसाठी ट्रेनिंग व्हिडिओ, सिटी कौन्सिलची मीटिंग लाइव्ह जाते ती, चर्चची रविवारची सर्व्हिस, हे सगळं माणसंच करतात आणि बेलने कोणाला काढलं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही मोजताय पत्रकार, कोर्सचं नाव आहे टेक्नॉलॉजी. त्यात फोटोग्राफी आहे, छपाई आणि ग्राफिक्स आहे, ऑडिओ, ॲनिमेशन आहे. सोराला सांगून बघा की आमच्या कौन्सिलची कालची मीटिंग रेकॉर्ड कर.

खरी गंमत वेगळी आहे. ज्या समाजाला हा विषय टाकाऊ वाटतो त्याच समाजाचे कार्यक्रम या पोरांच्या जिवावर चाललेत. गेल्याच्या आधीच्या दिवाळीला एका मराठी मंडळाच्या नाटकाला गेलो होतो. मिक्सरमधून लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोराचा, सिग्नल थेट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटमध्ये घातलेला, मीटर सतत लालमध्ये, पहिल्या अंकाचा आवाज अख्खा फाटला. मध्यंतरात ग्रेड ११ च्या एका मुलाने कॅमेऱ्याचा मेनू उघडून इनपुट लाइनवर टाकला, गेन खाली आणला, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला, दुसरा अंक स्वच्छ. कमिटीतल्या एकालाही कळलं नव्हतं काय बिघडलंय. त्याला मिळालं काय तर चाळीस तासांच्या फॉर्मवर सही, म्हणजे हायस्कूल पास व्हायला जी समाजसेवा लागते तिची. त्याच्या आधीच्या वर्षापर्यंत त्याच कामाला पैसे देऊन व्हिडिओग्राफर बोलवत होते!

नाट्यवेडा_मिसिसागा
विषय शाळेचा आणि मंडळाला मध्ये ओढायचं कारण काय? हॉलचं भाडं किती झालंय माहीत आहे का, इन्शुरन्स वेगळा, लाइट्सवाला वेगळा, आणि तिकीट दोन डॉलरने वाढवलं की फोन येतात. आम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून फुकट करतो, सेट उचलतो, खुर्च्या लावतो, रात्री एक वाजता हॉल झाडून घरी जातो. मग पोरांनी चार तास कॅमेरा धरला तर शोषण? मुलांना तास हवे असतात, आम्हाला मदत हवी असते. संस्कृतीचं काम आहे, सगळीकडे पैसे पैसे करू नका.

साउंडवाला_हॅमिल्टन
चाळीस तासांचे नियम वाचलेत का? मिनिस्ट्रीने जे चालत नाही त्याची यादी दिलीय, त्यात स्पष्ट आहे की जे काम एरवी पगार देऊन करवून घेतलं जातं ते धरता येत नाही. तुम्ही पगारी माणूस काढून तिथे पंधरा-सोळा वर्षांचं पोर उभं केलंत. खुर्च्या लावायला बोलवा, तिकिटं फाडायला बोलवा, तास द्या, कोणी काही बोलणार नाही. तीन कॅमेऱ्यांचं एडिटिंग हे खुर्च्या लावणं नाही.

नाट्यवेडा_मिसिसागा
तुम्हाला एवढा कळवळा आहे तर तुम्ही स्वतः का नाही आलात साउंडला? विचारलं होतं मी. शिफ्ट आहे म्हणालात.

साउंडवाला_हॅमिल्टन
शिफ्ट होतीच. आणि आलो असतो तर बिल दिलं असतं, हे तेव्हाच सांगितलं होतं.

ब्रॅम्प्टनची_आई
अहो भांडू नका, पण हे मी पण भोगलंय. माझ्या मुलीने गणपतीच्या कार्यक्रमाचं शूट केलं, शूट एक दिवस आणि एडिटिंग पुढचे कित्येक वीकेंड. तिच्या केमिस्ट्रीच्या टेस्टच्या आदल्या रात्री मला फोन, आमच्या ग्रुपचा डान्स अर्धाच का घेतलाय. दुसऱ्या फोनला, ताई जरा बॅकग्राउंडला ते हिट गाणं टाका ना. तिने टाकलं नाही, कारण परवानगीशिवाय गाणं वापरलं की शाळेत मार्क कापतात. तर लोकांना राग. आणि हेच लोक मला विचारतात, ती मीडिया घेतेय का, अरेरे, हुशार होती हो. होती म्हणजे काय?

कोथरूडकर
पुण्याहून वाचतोय. तुमच्याकडे सरकारी शाळेत फुकट कॅमेरे मिळतात आणि तुम्ही नको म्हणताय, बघून वाईट वाटलं. इथे सीबीएसईला अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज नावाचा विषय आहे, पण आमच्या आसपास तो देणारी शाळा शोधावी लागते. बाकी मुलं अकरावीला इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि एंट्रन्सचा क्लास एकत्र) जातात आणि प्रयोगशाळेचं तोंडही बघत नाहीत. शहरात एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पण तिथल्या मुख्य कोर्सला ग्रॅज्युएशननंतर जाता येतं, शाळेतल्या मुलाला त्याचा काय उपयोग.

एक विचारतो, ते नाटक यूट्यूबवर टाकलं असेल तर लेखकाची परवानगी घेतली होती का? प्रयोगाची परवानगी वेगळी आणि रेकॉर्डिंग टाकायची वेगळी. परदेशातल्या मंडळांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

नाट्यवेडा_मिसिसागा
प्रयोगाची घेतली होती. मानधनही पाठवलं होतं. यूट्यूबचं लेखकांना विचारतो.

बारावीत_आहे
काका लोक, मी बोलू का, कारण दिवाळीच्या नाटकाला तो इनपुट बदलणारा मीच. (मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका झाल्या तर सॉरी.)

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला अप्लाय केलंय आणि माझा सहावा कोर्स टीजीजे४एम आहे. त्यात ८४ आहेत. कॅल्क्युलसमध्ये ९३. म्हणजे माझ्यासाठी तो बर्ड कोर्स नाही, तो माझा ॲव्हरेज खाली ओढतोय, तरी मी ड्रॉप केला नाही. कॅल्क्युलसमध्ये माझं उत्तर बरोबर आलं की झालं. इथे माझं बरोबर असून ग्रुपने फाइल उशिरा दिली तर माझे पण मार्क जातात, आणि क्रिटीकला सगळ्या क्लाससमोर उभं राहून ऐकायचं की तुझा ओपनिंग शॉट बोअर आहे. ग्रेड ११ ला मला त्याने रडू आलं होतं. आता मी विचारतो, कुठे बोअर झालास, आणि परत कापतो.

गणितप्रेमी काका म्हणतात ते पण खरं आहे, टीचरवर खूप आहे. माझ्या कझिनच्या शाळेत कॅमेरे कपाटात लॉक असतात. पण मग वाईट टीचर फिजिक्सला पण असतात, तेव्हा कोणी म्हणत नाही फिजिक्स घेऊ नका.

मंडळाबद्दल, मला काम आवडलं, खोटं नाही सांगत. पण तीन कॅमेऱ्यांच्या फाइल्सनी माझा लॅपटॉप भरला, मी हार्ड डिस्कचे पैसे मागितले तर एक काकू म्हणाल्या, अरे आपल्या घरचंच कार्य आहे. मग मी माझ्या टिम हॉर्टन्स कॉफी शॉपमधल्या पगारातून घेतली. माझे चाळीस तास ग्रेड १० लाच झाले होते, मला ती सही नको होती. हे कोणी विचारलंच नाही.

साउंडवाला_हॅमिल्टन
नाट्यवेडा, वाचलंत ना.

गणितप्रेमी
मुलाने मुद्द्याचं लिहिलंय, त्याच्याशी वाद घालणार नाही. सहाव्या कोर्सबद्दल साइटवर जाऊन बघून आलो, ताई म्हणतात तसंच आहे, एम चालतो. ठीक. पण ताईंनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवलीय. ४एम साठी ३एम लागतो म्हणजे दोन जागा जातात. ग्रेड ११ ला फिजिक्स, केमिस्ट्री, फंक्शन्स, इंग्लिश झाल्यावर बायो पण ठेवायचं असेल आणि कॉम्प्युटर पण, तर वर्षाच्या आठ कोर्सेसमध्ये बाकी कशाला एकच जागा उरते. ज्याला मेडिकल का इंजिनिअरिंग अजून ठरलेलं नाही त्याने तरी सांभाळून. माझी मुलगी मागे लागलीय, तिला ३एम घेऊ देईन, ते पण टीचरला भेटून आल्यावर, ४एम चं तेव्हाचं तेव्हा. याच्यापुढे मी सरकणार नाही. आणि ती जुनी पोस्ट काढणार नाही, खाली या धाग्याची लिंक देतो.

ब्रॅम्प्टनची_आई
लिंक नको, वरती लिहा की युनिव्हर्सिटी मोजते. लोक खालपर्यंत वाचत नाहीत. आणि आठात बसतं, माझ्या मुलीचं बसलंय, फक्त कॉम्प्युटर नाही घेतलं. वेळापत्रक पाहिजे असेल तर मेसेज करा, पाठवते.

गणितप्रेमी
वरती लिहिलं. वेळापत्रक पाठवा.

नाट्यवेडा_मिसिसागा
बाळा, हार्ड डिस्कचं मला खरंच माहीत नव्हतं, पावती असेल तर पाठव, तेवढे पैसे मी माझ्या खिशातून देतो, मंडळाची वाट बघत नाही. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी रविवारी मीटिंग आहे, त्यात शूटिंग आणि एडिटिंगचं बजेट हा विषय टाकतो. साउंडवाल्यांनी रेट काय असतो ते लिहून द्यावं, नुसतं बोलू नये. पण मग पैसे घेतले तर त्याचे तास मिळणार नाहीत, दोन्ही एकदम मागू नका, हे बाकीच्या आईवडिलांना पण सांगा. आणि डान्स पूर्णच घ्यायचे, त्यावरून मला शिव्या खायच्या नाहीत.

साउंडवाला_हॅमिल्टन
रेट उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो, एक कॅमेरा आणि तीन कॅमेरे असे दोन्ही. पूर्ण डान्स हवे असतील तर एडिटिंगचे तास वाढतील, तेही लिहीन.