उत्तर: वापरलेला आरएक्स१०० – तिसरा, पाचवा की सहावा?

नमस्कार मंडळी,

मंडळात आम्ही नवीन, आणि पहिल्याच मेलमध्ये काम काढतेय, राग नसावा. लेक अडीच वर्षांची आहे. संध्याकाळी घरातल्या उजेडात फोनवर काढलेल्या फोटोत तिचा चेहरा मेणाचा असल्यासारखा दिसतो. म्हणून सोनीचा आरएक्स१०० हा छोटा कॅमेरा वापरलेला घ्यायचं ठरलंय. तीन जण विकायला तयार आहेत, प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती: एकाकडे तिसरा, एकाकडे पाचवा, एकाकडे सहावा. आमच्याकडे एका माणसाचं ठाम मत आहे की जेवढा आकडा मोठा तेवढा कॅमेरा चांगला. खरं का?

– नवी सभासद

---

> जेवढा आकडा मोठा तेवढा कॅमेरा चांगला

यजमानांना सांगा, या इयत्ता नाहीत. सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीचं, माप सातही आवृत्त्यांत एकच आहे, १३.२ बाय ८.८ मिमी. तुमच्या कामात खरा फरक पडतो तो लेन्सने. २०१४चा तिसरा, २०१५चा चौथा आणि २०१६चा पाचवा, तिघांची लेन्स तीच: २४-७० मिमी (आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं), एफ/१.८ ते २.८ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो). २०१८चा सहावा २४-२०० झूम घेऊन आला, पण त्याची सुरुवातच एफ/२.८ने होते आणि शेवट ४.५ला. म्हणजे दिवाणखान्यात जिथे तिसऱ्याचं आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १२५०वर भागतं, तिथे सहाव्याला ३२००वर जावं लागतं. आयएसओ वाढलं की फोटोत दाणे येतात, कॅमेरा ते पुसायला जातो, आणि चेहरा मेणाचा होतो तो याच वाटेने. आणि अडीच वर्षांची मुलगी पळून पळून जाणार कुठे? सोफ्यामागे. त्याला दोनशे मिमी नको.

माझं मत: तिसरा घ्या.

– फोटोकाका

---

काका, अर्ध्यापर्यंत तुमच्याशी सहमत. माझ्याकडे सहावा आहे, पण मी नाटकाचे फोटो शेवटच्या रांगेतून काढते आणि रंगमंचावर दिवे असतात. घरात तो मीही बाहेर काढत नाही.

पण तिसराही माझ्याकडे होता. भाचा धावत आला की फोकस आधी मागच्या पडद्यावर, मग पुढे, मग पुन्हा मागे. तोवर भाचा फ्रेमच्या बाहेर. फोटोत पडदा मात्र अतिशय सुरेख यायचा. या मालिकेत फेज डिटेक्शन, म्हणजे हलत्या गोष्टीवर झटकन फोकस धरणारी पद्धत, आली ती पाचव्यापासून, ३१५ बिंदूंचं. मूल बसून राहणारं असेल तर तिसरा, नाहीतर पाचवाच.

– नाटकवाल्या वहिनी

---

वहिनींचा मुद्दा मान्य. मी गेली काही वर्षं फक्त डोंगर आणि देवळं काढतो, ती पळत नाहीत, हे विसरलो.

मग पाचवा बघा, पण जादा बॅटरीसह. बॅटरी सगळ्या आवृत्त्यांना एकच चालते, एनपी-बीएक्स१. मात्र कंपनीच्याच आकड्यांनुसार तिसरा एका चार्जमध्ये सुमारे ३२० फोटो काढतो, पाचवा २२०.

आता महत्त्वाचं. तिसरा, चौथा, पाचवा समोरून सख्खी भावंडं दिसतात, तेव्हा तळाचा मॉडेल क्रमांक वाचल्याशिवाय बोलणी करू नका. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स आत-बाहेर होताना करकर आली किंवा मध्येच अडकली तर नमस्कार करून निघा. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, खटक्यासरशी वर यायला हवा आणि त्याचं भिंग बोटाने मागे ओढल्यावर चित्र स्वच्छ दिसायला हवं. मग एफ/११ लावून (लेन्सचं भोक लहान झालं की आतली धूळ ठिपक्यासारखी दिसते, एफ/१.८ला लपते) पांढरी भिंत काढा आणि फोटो मोठा करून कोपरान् कोपरा बघा. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही. माझा पहिला आरएक्स१०० विकणाऱ्याने मला सगळे फोटो एफ/१.८चे दाखवले होते. घरी येऊन आकाश काढलं तर त्यात डासासारखा डाग. तो डास तीन वर्षं माझ्या प्रत्येक आकाशात होता.

– फोटोकाका

---

मंडळी, चर्चा छान चालली आहे. फक्त फोटो यादीवर जोडू नका, मोठी मेल अडकून पडते.

– सचिव

---

नमस्कार,

दोन्ही बघून आले. पाचवा चकाचक होता, पण मेनू पूर्ण जपानी. भाषा बदलायचा पर्याय अर्धा तास शोधला, विकणाराही शोधत होता.

तिसऱ्याची लेन्स गुपचूप आत-बाहेर होते, व्ह्यूफाइंडरही नीट वर येतो. पण एफ/११च्या भिंतीवर वरच्या डाव्या कोपऱ्यात करडा ठिपका आहे, मोहरीएवढा. एफ/२.८ला तो दिसत नाही. काय करू?

---

जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या सोनीत बहुतेक वेळा फक्त जपानीच असते, शोधून सापडणार नाही. तो सोडा.

ठिपका डासापेक्षा बरा. घरात तुम्ही एफ/११ कधीच लावणार नाही. ठिपका दाखवून घासाघीस करा आणि घ्या.

– फोटोकाका

---

घेतला! वहिनी, पडद्याचे फोटो खरंच सुरेख येतात. पण तुमच्या भाच्यासारखी माझी लेकही तेवढीच पळते, म्हणून तुम्ही भाच्यासाठी करायचात तो उपाय हवाय. आणि काका, बॅटरी बदलली की दर वेळी तारीख विचारतो, बिघडलाय का?

---

बिघडला नाही, उपाशी आहे. घड्याळासाठी आत एक छोटी बॅटरी असते, कॅमेरा फार दिवस पडून राहिला की ती रिकामी होते. मोठी बॅटरी पूर्ण चार्ज करून आत घाला आणि कॅमेरा बंद करून एक अख्खा दिवस तसाच ठेवा.

– फोटोकाका

---

भाच्यासाठी मी एवढंच करायचे: तो जिथे येऊन थांबणार त्या उशीवर आधी फोकस धरून ठेवायचा, शटर अर्धं दाबून. तो उशीवर आदळला की पूर्ण दाबायचं.

– ना. वहिनी