तीन फिक्या छटा, दोन खोल्या: हॉल पश्चिमेचा, बेडरूम उत्तरेची

विश्रामबाग_फ्लॅट
सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. जुना हिरवट डिस्टेंपर खरवडून पुट्टीचे दोन हात झालेत, प्राइमर बाकी आहे. हॉल १५ बाय १२, खिडकी पश्चिमेला. बेडरूम ११ बाय १०, खिडकी उत्तरेला. उंची साडेनऊ फूट. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड, लाइट सगळे ६५०० केल्विनचे एलईडी. शेडकार्डातून तीन रंग काढलेत: एक आयव्हरी, एक मोतिया, एक राखाडी झाक असलेला ऑफ-व्हाइट. दुकानात तिन्ही जवळपास एकच वाटतात, घरी प्रत्येक खोलीत वेगळे दिसतात. रंगारी म्हणतात, भिंतीवर गेल्यावर सगळं सारखंच. दोन्ही खोल्यांना एकच घ्यावा का, आणि ठरवायचं कशावरून?

स्टेनर_बेस
नावावर जाऊ नका, फॉर्म्युला बघा. तिन्हींचा बेस पांढराच असतो, फरक पडतो तो मशीनमधून सुटणाऱ्या थोड्याशा स्टेनरमुळे, म्हणजे बेसमध्ये मिसळायच्या दाट रंगामुळे. दुकानदाराला तिन्ही शेड स्क्रीनवर काढायला सांगा, कोणते स्टेनर पडतात ते तिथे दिसतं. नुसता यलो ऑक्साइड आणि काळा असेल तर भिंत हिरवट झाक मारणार, कारण पिवळ्यात काळा पडला की तो शेवाळी रंगाकडे जातो. यलो ऑक्साइडबरोबर रेड ऑक्साइड असेल तर रंग पीचकडे झुकतो. लाल आणि काळा असेल तर गुलाबी-राखाडी, आणि तो ढगाळ दिवशी जांभळट वाटू शकतो. 'मोतिया' या नावाखाली यातलं काहीही विकलं जातं.

स्क्रीन बघायला मिळाली नाही तर शेडपट्टी कोऱ्या ए-फोर कागदावर ठेवून बघा. पांढऱ्याशेजारी झाक चटकन कळते. त्याच पट्टीतला सगळ्यात गडद रंगही बघा, फिक्यात जे लपलेलं असतं ते तिथे उघडं पडतं. मोबाइलवर शेड बघून ठरवणं तर सोडूनच द्या.

आणखी एक. इतक्या फिक्या रंगात स्टेनर एवढा कमी असतो की १ लिटरच्या डब्यात मशीनची बारीकशी चूकही दिसते. त्यामुळे नमुन्याचा डबा आणि नंतरचे मोठे डबे यांत थोडा फरक येऊ शकतो. एका खोलीचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच बॅच नंबरच्या बेसमध्ये करून घ्या आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. झाकणावरचं फॉर्म्युल्याचं लेबल जपून ठेवा.

रोलर_मिरज
रंगाऱ्याचं बोलणं एका भिंतीपुरतं चालतंय, चार भिंतींना नाही. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, म्हणून रंग पट्टीपेक्षा खोलीत जास्त चढतो. दोन छटांत अडकला असाल तर फिकी घ्या.

भिंतीवर थेट तीन पट्टे ओढू नका. खेटून लावलेले रंग एकमेकांची झाक वाढवून दाखवतात, आणि पट्ट्यांच्या कडा राहिल्या तर शेवटच्या हातातूनही डोकावतात. त्यापेक्षा दोन बाय दोनचे जाड पुठ्ठे घ्या. आधी प्राइमरचा एक हात, मग रंगाचे दोन हात, मध्ये चार तास जाऊ द्या, आणि रोलरनेच लावा. ओला इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) फिका दिसतो, वाळला की जरा गडद होतो. म्हणून बघायचं ते दुसऱ्या दिवशी. पुठ्ठा जमिनीवर ठेवून बघू नका, भिंतीला उभा लावा. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री लाइट लावून, असं चार वेळा बघा. खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत दिवसा सगळ्यात काळवंडते, तिथेही एकदा धरा. आणि एक पुठ्ठा मधोमध काटकोनात दुमडा की! त्या घडीत जो रंग दिसेल तोच तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात येणार.

मॅट घ्या. हॉलला पश्चिमेचं तिरपं ऊन येतंय, चकाकी असलेल्या रंगावर पुट्टीचा प्रत्येक उंचसखलपणा मोजता येईल.

खिडकी_उजेड
रंगाआधी बल्ब ठरवा. ६५०० चा उजेड निळसर असतो, त्यात राखाडी झाक थंड पडते आणि हिरवट झाक आजारी दिसते. ४००० केल्विन (कमी निळसर) आणि सीआरआय ९० चे (सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, १०० पैकी) बल्ब मिळाले तर तेच लावून मग पुठ्ठे बघा. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, त्यामुळे रंग लावून झाल्यावर बल्ब बदलणं म्हणजे निवड परत पहिल्यापासून.

एकच रंग घ्या असं मी म्हणणार नाही. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ नुसता आभाळाचा निळसर उजेड असतो, तिथे राखाडी ऑफ-व्हाइट उदास वाटेल. (सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या दिवसांतल्या उजेडावरून बेडरूम ठरवू नका.) हॉलमध्ये उलट: आयव्हरी संध्याकाळच्या उन्हात पिवळाधमक होईल, त्यात क्रीम फरशीची भर. मध्ये दाराची चौकट आहे, दोन छटा खटकणार नाहीत.

विश्रामबाग_फ्लॅट
मोतियाचा फॉर्म्युला काढला. यलो ऑक्साइड आणि काळा, तो बाद. आयव्हरीत रेड ऑक्साइडही आहे, तो बेडरूमला आणि राखाडी हॉलला असं ठरतंय. रंग किती लागेल? छताला तेच लावू का?

रोलर_मिरज
छताला साधा पांढरा मॅट. भिंतीचाच लावला तर तिथे उजेड कमी पोचतो, तो मळकट दिसतो.

हॉलचा घेर ५४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ५१३. दार-खिडक्यांचे साधारण ८० वजा केले की ४३० चौरस फूट. चांगला इमल्शन एका हाताला लिटरमागे १२० ते १३० जातो, दोन हातांना ७ लिटर. ४ लिटरचे दोन डबे घ्या. बेडरूम ३५० धरा, ५.६ लिटर, म्हणजे ४ चा एक आणि १ चे दोन. उरलेला झाकण घट्ट लावून ठेवा, पण नंतर टचअप करताना डागापुरता लावू नका, जोड दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती भिंत पूर्ण ओढायची.

प्राइमरआधी पुट्टी घासल्याची धूळ ओल्या कापडाने पुसून वाळू द्या, नाहीतर पोपडे निघतात. आणि पश्चिमेची भिंत पावसाचा मार खाते. तिथे ओल असेल तर आधी बाहेरून बंदोबस्त करा, फिक्या रंगावर तपकिरी डाग दोन हातांनंतरही वर येतो.